चौऱ्याहत्तरावा भाग आणि छतावरची शेळी

१

मंगळवारी दुपारी मृणालीने कपाटातल्या कॅसेटी मोजल्या तेव्हा एक कमी भरली. तिने पुन्हा मोजल्या. पुन्हा एकच कमी. मोजण्यात मृणाली चुकत नसे. तो तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. दापोड्याच्या एका गोदामात ती सकाळच्या शिफ्टला खोकी मोजायची. आज सकाळीच तिथे सहा हजार चारशे प्रेशर कुकर असायला हवे होते, आणि होते. असं काम रोज करणाऱ्या माणसाला बाकी काही मिळो न मिळो, स्वतःवर विश्वास मिळतो.

शनिवारी पाचशे कॅसेटी होत्या. आज चारशे नव्याण्णव.

"मामा, चोरी झाली," ती म्हणाली.

तुळशीराम भोईर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या मोरपंखी जॅकेटला इस्त्री करत होते. ते काही मृणालीचे खरे मामा नव्हते. काल्हेरच्या त्यांच्या आळीत जी जी पोरं लहानाची मोठी झाली, त्या सगळ्यांचे ते मामा होते.

"काय गेलं? माइक?"

"कॅसेट. चौऱ्याहत्तर नंबर."

इस्त्री जॅकेटवर टेकली ती टेकलीच. मामा मृणालीकडे बघत राहिले, मृणाली जॅकेटकडे बघत राहिली. थोड्या वेळाने जॅकेटच्या पाठीवरचा जरीचा मोर धूर सोडू लागला.

"मामा, मोर."

"हां," मामा म्हणाले, पण इस्त्री उचलली ती मृणालीनेच.

'उघडा चौकट' हा मामांचा शब्दकोड्यांचा खेळ भिवंडीच्या लोकल केबलवर सत्तावीस वर्षं चालला होता. प्लायवूडचा एक फळा, त्यावर झाकलेल्या पाट्या, समोर दोन स्पर्धक. स्पर्धकाने आळीपाळीने एकेक अक्षर मागायचं. ते अक्षर उत्तरात असेल तर जिथे जिथे असेल तिथली पाटी काना-मात्रेसकट उघडायची. आधी ज्याला अख्खं उत्तर सुचेल तो जिंकला. पहिल्या वर्षी बक्षीस म्हणून टॉवेल मिळायचा, नंतर स्टीलचा डबा. एकदा एका ट्रान्सपोर्टवाल्याने प्रायोजक होताना अट घातली होती की सगळी उत्तरं वाहतुकीवरच हवीत. त्या सहा महिन्यांत भिवंडीतल्या गृहिणींना ट्रकच्या एक्सलची इत्थंभूत माहिती झाली. दोन हजार सहा साली फळा मामांच्या अंगावर पडला, तेव्हा मामा खालून म्हणाले होते, "आणि आता घेऊया छोटासा ब्रेक." तो ब्रेक तीन आठवड्यांचा झाला.

आणि आता येत्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. केबल बघणारं घर उरलं नव्हतं. जुने भाग निदान मोबाइलवर तरी राहावेत म्हणून मृणाली ते एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवत होती. सत्तरपर्यंत उतरवून झाले होते. चोराने चार दिवस थांबायची तसदी घेतली नव्हती.

तिने कपाटात पुन्हा डोकावून पाहिलं. त्र्याहत्तर आणि पंच्याहत्तरच्या मधोमध सुताचा एक रिकामा पुठ्ठ्याचा कोन उभा होता, शेजारच्या कॅसेटी कलंडू नयेत म्हणून कुणीतरी काळजीने ठेवल्यासारखा. त्यात विशेष काही नव्हतं. हा स्टुडिओ म्हणजे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची मागची खोली होती. रिकामे कोन इथे पेन ठेवायला, माइक टेकवायला आणि संडासाचं दार अडवायलाही वापरत.

"चौऱ्याहत्तरमध्ये काय होतं मामा?"

मामांनी जळक्या मोराची घडी घातली.

"साजिदा," ते म्हणाले.

२

साजिदा मॅडमनी मृणालीला आठवी ते दहावी मराठी शिकवलं होतं. वर्गात कुणी खोटं बोललं तर त्या ओरडत नसत. चष्मा काढून पुसत बसत. तेवढ्यावर पोरं सगळं कबूल करायची. अशा बाईचं नाव चोरीच्या प्रकरणात येणं मृणालीला फार लागलं.

"पण त्या काय करत होत्या यात?"

"बारा वर्षांची होती," मामा सांगू लागले. "दोन हजार सालचा फेब्रुवारी. अकरा पाट्यांचं कोडं. पोरीने 'त' मागितला. एकच पाटी उघडली, 'ता'. बाकीच्या दहा बंद. आणि पोरगी बोलली, 'शेजारच्या छतावरची शेळी.'"

"बरोबर?"

"बरोबर."

मृणालीने बोटांवर अक्षरं मोजली, अकरा भरली. नुसत्या एका 'ता'वरून कुणाला शेजारच्या छतावरची शेळी दिसत असेल, तर तो माणूस शब्दकोडी सोडून हवामान खात्यात जायला हवा.

"कोडी कोण बनवायचं?"

"जब्बार. अजूनही तोच बनवतो. तिचा सख्खा चाचा. एकाच घरात राहायचे."

पुढचं सांगायची गरज नव्हती. भिवंडीने ते पंचवीस वर्षांपूर्वीच स्वतःला सांगून टाकलं होतं: पोरीने चाचाचा उत्तराचा लिफाफा फोडला. त्या भागानंतर खेळाला पहिल्यांदा नियम लिहिले गेले, आणि पहिलाच नियम होता, 'नातेवाइकांना प्रवेश नाही.' साजिदा पुन्हा या खोलीत आली नव्हती. काल सोमवारी आली, ती मामांनी शेवटच्या भागाला पाहुणी म्हणून बोलावल्यामुळे.

"अट घातली तिने," मामा म्हणाले. "म्हणाली, येते, पण चौऱ्याहत्तरावा भाग अख्खा दाखवा. मी हो बोललो. सोमवारी इथे चौघंच होतो. ती, मी, जब्बार आणि केसरी. आणि आज कॅसेट न्हाय. आता लोक काय बोलतील?"

लोक बोलायला लागलेच होते. कोपऱ्यात कॅमेऱ्याची वायर गुंडाळत बसलेले केसरीनाथकाका, म्हणजे पहिल्या भागापासूनचे कॅमेरामन, मान खाली घालून म्हणाले, "चहावाला विचारत होता, मास्तरीणबाईंनीच पुरावा उचलला का म्हणून."

"त्याला कोणी सांगितलं कॅसेट गेली ते?"

"मीच. चहा सांगायला गेलो तेव्हा."

मृणालीला दोन गोष्टी कळल्या. शुक्रवारच्या आत कॅसेट सापडली नाही, तर साजिदा मॅडम बाराव्या वर्षी चोर ठरल्या होत्या त्या आता सदतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा ठरणार. आणि केसरीनाथकाकांच्या पोटात चहासुद्धा राहत नाही.

"मी शोधते," ती म्हणाली.

काकांच्या हातातली वायर सुटून भसकन पसरली.

"नको शोधू पोरी," ते म्हणाले. "गेली ते बरं झालं."

३

साजिदा मॅडम शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. मृणालीने सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. मृणालीला तिने न केलेले तीन गुन्हे आठवले.

"मी घेतली असं वाटतं तुला?"

"नाही मॅडम. तुम्हाला तर ती दाखवायची होती."

"दाखवायची नव्हती," मॅडम म्हणाल्या. "लोकांनी ती शांतपणे ऐकावी एवढंच मला हवं होतं."

"मॅडम, तुम्ही लिफाफा पाहिला होता?"

"नाही."

"मग नुसत्या 'ता'वरून?"

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "ते मला सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेही त्या शब्दातच आलं."

"घरी कधी कुणी विचारलं नाही?"

खिडकीबाहेर पीटीच्या सरांची शिट्टी चालली होती. मॅडम ती संपेपर्यंत थांबल्या.

"अम्मीने विचारलं, अब्बांनी विचारलं. नाही म्हटलं, त्यांनी मानलं. चाचांनी विचारलं नाही. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं ना मृणाली, तर मी दिलेला शब्द मोडला असता. मी वाट बघत होते. आधी आम्ही दोघं रोज संध्याकाळी जुनी कोडी घेऊन बसायचो. चाचा पाट्या काढायचे, मी अक्षरं सांगायची. त्या रविवारी भाग दाखवला, आणि सोमवारपासून चाचांना संध्याकाळी दुसरी कामं असायला लागली."

"पंचवीस वर्षं?"

"फार कामाचा माणूस आहे," मॅडम म्हणाल्या, आणि एका पोराच्या निबंधावर गरजेपेक्षा मोठं वर्तुळ काढलं.

४

स्टुडिओला लागूनच्या जब्बारचाचांच्या कारखान्यात आठ लूम होते आणि आठही चालू होते. आत बोलायचं म्हणजे ओरडायचं. चाचा मात्र साध्या आवाजात बोलत होते आणि त्यांचे कारीगर ते ऐकतही होते. मृणालीला फक्त ओठ हललेले दिसले. शेवटी तेच तिला बाहेरच्या टेबलापाशी घेऊन आले.

"कॅसेट? मला काय माहीत बेटा. मी तर कधी रेकॉर्डिंगसुद्धा बघितली नाही."

"कधीच नाही?"

"शुक्रवारी दुपारी एकला असते. जुम्म्याची नमाज सोडून शेळ्या-मेंढ्या बघायला येऊ का? गुरुवारी लिफाफा चिकटवून तुळशीरामच्या हातात द्यायचा, रविवारी अकरा वाजता टीव्हीवर बघायचा. खल्लास."

रेकॉर्डिंग शुक्रवारी ठेवायचं कारण मृणालीला ठाऊक होतं. लूमची सुट्टी शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस या भिंतीपलीकडे माइक लावला तर स्पर्धकाऐवजी लूमच जिंकेल.

बोलताना चाचांनी टेबलाचा ड्रॉवर बंद केला आणि त्याला कुलूप लावलं. ड्रॉवरमध्ये कोड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. जगातल्या कुठल्याही चोराला 'पंख्यावरची धूळ' किंवा 'जावयाचा मफलर' असल्या चिठ्ठ्यांची लालसा असेल असं तिला वाटेना.

"हे कुलूप कधीपासून, चाचा?"

"जुनं आहे."

"किती जुनं?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत बघून ओरडल्यासारखं केलं, "अरे, तीन नंबर बघा!" आणि निघून गेले. तीन नंबर छान चालू होता.

मृणाली मागच्या खोलीत परतली. चौऱ्याहत्तर नव्हती, पण 'शंभरी विशेष' होती. शंभराव्या भागाला मामा आणि काकांनी जुन्या भागांतले गमतीदार तुकडे जोडून केलेली कॅसेट. त्यात साजिदाचा दीड मिनिटांचा तुकडा सापडला. दोन वेण्या घातलेली पोरगी. शेजारी दुसरा स्पर्धक, एक ट्रक ड्रायव्हर, सारखा घड्याळ बघणारा. पोरगी 'त' मागते, पाटी उघडते, आणि ती पाठ केलेली कविता म्हणावी तसं एका दमात उत्तर म्हणून टाकते. मामा टाळ्या वाजवतात, पण त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

तिने हेडफोन लावून तुकडा पुन्हा ऐकला. मग त्र्याहत्तर लावली. मग पंच्याहत्तर. मग परत हा तुकडा.

"काका," तिने हेडफोन केसरीनाथकाकांच्या कानाला लावला. "हा आवाज कसला?"

"कसला आवाज?"

"मागे. खटक-खटक-खट."

काकांनी डोळे मिटून मन लावून ऐकलं.

"काय न्हाय गो," ते म्हणाले. "साफ आहे आवाज."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो आवाज खरंच ऐकू येत नव्हता.

५

भिवंडीत लूमचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. इथे जन्मलेलं पोर त्याच आवाजात झोपतं. लूम बंद पडला तर जागं होतं. मृणाली मात्र काल्हेरची. तिच्या घराजवळ लूम नव्हते, कंटेनर होते, आणि कंटेनरचा आवाज तिलाही ऐकू येत नसे.

"काका, त्र्याहत्तरमध्ये कावळा ऐकू येतो. पंच्याहत्तरमध्ये कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. आणि चौऱ्याहत्तरमध्ये आठ लूम चालू आहेत. शुक्रवारी?"

काकांनी हेडफोन काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला.

"हे शुक्रवारचं रेकॉर्डिंग नाहीच," ती म्हणाली. "शुक्रवारी झालं ते दुसरंच काहीतरी. हे नंतर परत केलंय, त्याच कोड्याचं. म्हणून तिला उत्तर आधीच ठाऊक होतं. तिने ते आदल्या दिवशी सोडवलेलं होतं!"

दारात मामा येऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सांग केसरी," मामा म्हणाले. "मी तर इस्त्री ठेवली त्याच क्षणी समजलो, आता हे निघणार."

केसरीनाथकाका तेव्हा लग्नांची शूटिंगही करत. त्या शुक्रवारी भाग झाला, कॅसेट मागे फिरवून त्यांनी सुरुवात तपासली, आणि तशीच कॅमेऱ्यात ठेवून ते तडक एका हळदीला गेले. आगरी हळद! लग्न एक वेळ चुकलं तरी चालतं. हळदीला बेंजोचा बँड असतो. काकांनी बटण दाबलं, आणि साजिदाच्या अंगावर नवरीची हळद चढत गेली.

"सकाळी मना कळलं. तुळशीरामचे पाय धरले. शनिवारी सगळ्यांना मागच्या दाराने, जब्बारला न कळता, परत बोलावलं. बोललो, त्याच क्रमाने अक्षरं मागा. पण ड्रायव्हरचा ट्रक नाक्यावर उभा, पोलीस सारखे शिट्ट्या मारतात, पोरगी शाळेतून उपाशी आलेली. तिने पहिल्याच अक्षराला सगळं बोलून टाकलं. परत घेऊ म्हणेपर्यंत लाइट गेली. रविवारी तर दाखवायचंच होतं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"'उघडा चौकट, एका दमात, एकदाच!'" मामांनी स्वतःचीच घोषणा पडक्या आवाजात म्हटली. "दर भागाच्या सुरुवातीला मी हे बोलायचो. परत केलंय म्हटलं असतं तर खेळ गेला असता, केसरी गेला असता. पोरीला म्हटलं, कुणाला सांगू नकोस, घरीसुद्धा नको. वाटलं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. मग चारचे पंचवीस..."

पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"मग कॅसेट तुमच्यापैकी कुणी घेतली?"

दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. संशय इतका प्रामाणिक होता की मृणालीने दोघांनाही यादीतून काढून टाकलं.

"काका, ती हळद कुणाची होती?"

६

वैशालीताई हळद लागून काल्हेरहून अंजूरला आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. बुधवारी दुपारी मृणाली आणि काका रिक्षाने तिथे पोहोचले तेव्हा ताई अंगणात वाल सोलत होत्या. घराच्या एका बाजूला भात आणि बाकी तिन्ही बाजूंना गोदामं.

"केसरीदादा? अरे, तू तर माझ्या हळदीत अर्ध्यात कॅमेरा ठेवून पळालास! बॅटरी संपली बोललास. मी बघितला तुला नाचताना!"

काका वालाच्या टोपलीकडे बघू लागले.

"किती वेळाने ठेवला?" मृणालीने विचारलं.

"मोजून सत्तावीस मिनिटं हाय. बेंजोवाल्याने सुरू केलं आणि हा गेला."

भाग तीस मिनिटांचा. मृणालीने वजाबाकी केली: तीन मिनिटं. "ताई, हळद संपल्यावर कॅसेटवर पुढे काय येतं?"

"शेळी येते," वैशालीताई म्हणाल्या, जणू सगळ्यांच्याच लग्नाच्या कॅसेटमध्ये येते.

त्यांनी टीव्ही लावला. कॅसेटची सीडी झाली होती, सीडीचा पेनड्राइव्ह झाला होता. "दर वेळी दुकानवाला विचारतो, हा शेवटचा भाग कापू का? मी बोलते, न्हाय, तो कापायचा न्हाय. आमची रुचिका लहानपणी त्या शेळीशिवाय जेवायची न्हाय. दर वाढदिवसाला लावतो. माझ्या लग्नाच्या, तिच्या नव्हं."

पडद्यावर पिवळंजर्द अंगण नाचत होतं. मग चित्र फाटल्यासारखं झालं, आणि फळा आला. अकरातल्या आठ पाट्या उघड्या. मागे चिडीचूप शांतता. फक्त एक कावळा. ट्रक ड्रायव्हर कपाळ खाजवत म्हणत होता, "शेजारच्या छतावरची... शेव!" आणि दोन वेण्यांची पोरगी त्याच्याकडे वळून, कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणत होती, "काका, 'व' तर आधीच उघडलाय. शेवटच्या पाटीत 'व' असता तर तोपण उघडला असता. म्हणून शेळी."

"शेळी!" वैशालीताईही तिच्यासोबत म्हणाल्या. सवयच होती.

केसरीनाथकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ.

मृणालीच्या खिशात आता साजिदाचं निर्दोषत्व पेनड्राइव्हच्या रूपात होतं. चोर तेवढा बाकी होता, आणि रिक्षात बसता बसता तिला कळलं की तोही बाकी नाही.

७

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लूम थांबले, तेव्हा ती जब्बारचाचांसमोर बसली. सोबत मामा आणि काका, शाळेतून पालकांना बोलावल्यासारखे.

"चाचा, आधी डोळे मिटा. फक्त ऐका आणि सांगा काय ऐकू येतंय."

तिने 'शंभरी विशेष'मधला तुकडा लावला, पण आवाज अगदी सुरुवातीच्या शांत दहा सेकंदांचा, कुणी बोलत नसलेला. तेवढाच पुन्हा पुन्हा.

"काय नाय," चाचा म्हणाले.

"लूम थांबलेत ना तुमचे आत्ता? मग हे काय चालू आहे?"

चाचांच्या भुवया जवळ आल्या. मान हळूहळू आवाजाच्या तालावर हलू लागली. "हा... हा माझा पाच नंबर," ते म्हणाले. "लंगडतोय. तेव्हा लंगडायचा, मी भंगारात दिला तो. ही कुठली टेप?"

"साजिदा मॅडमचा भाग."

"पण तो तर शुक्रवारी..."

मान हलायची थांबली. चाचांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना मामांकडे बघायचं होतं, पण मामांचे डोळे जमिनीवर होते.

"शुक्रवारी माझा पाच नंबर कसा चालेल, तुळशीराम?"

मामांनी सांगितलं. सगळं, एका दमात, एकदाच. मग मृणालीने अंजूरची तीन मिनिटं दाखवली. शेव झाली, शेळी झाली. चाचांनी ती परत लावायला सांगितली. तिसऱ्या वेळी 'व तर आधीच उघडलाय' आलं, तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "हे मी शिकवलं होतं तिला. उघडलेलं अक्षर बंद पाटीत शोधायचं नाही."

मग त्यांनी कापडाच्या ताग्यांमागे हात घातला आणि चौऱ्याहत्तर नंबरची कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

"तुला कसं कळलं?"

"मामा आणि काकांना माहीत होतं की हाच तुकडा शंभरीच्या कॅसेटमध्येही आहे, त्यांनी नुसती चौऱ्याहत्तर नेली नसती. शिवाय त्यांना नष्टच करायची असती तर पंचवीस वर्षं कपाट त्यांच्याच ताब्यात होतं. मॅडमना ती सगळ्यांना ऐकवायची होती. उरलात तुम्ही. आणि चाचा, तुम्ही जागा रिकामी ठेवली नाहीत. गोदामवाला माल काढतो तेव्हा तशीच सोडतो. लूमवाला भरलेला कोन काढला की हाताला लागेल तो रिकामा तिथे लावतो. तुमच्या हाताने तुम्हाला न विचारताच लावला."

चाचांनी स्वतःच्या हाताकडे जरा रागानेच पाहिलं.

"मला वाटलं, शुक्रवारी सगळ्या गावासमोर परत दाखवणार," ते म्हणाले. "परत हसणार लोक पोरीवर. म्हटलं, कॅसेटच नसेल तर काय दाखवतील? मी तिला वाचवत होतो बेटा."

"तिने लिफाफा फोडला असं धरून."

"तसं धरून," चाचा म्हणाले.

बाहेर कारीगर हात धुऊन परत येऊ लागले होते. चाचांनी त्यांना सांगितलं, आज आठही बंद ठेवा. गुरुवारी लूम बंद? कारीगरांना वाटलं कुणीतरी वारलं.

"उद्या सुरुवातीला मी उभा राहून सांगणार आहे सगळं," मामा म्हणाले. "जॅकेट जळलंय, तसाच."

"तू उद्या सांग," चाचा चपला घालत म्हणाले. "मला आज काम आहे."

साजिदा मॅडमचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. चाचा पुढे, मृणाली मागे. दार मॅडमनीच उघडलं. पदराला खडूची पूड, हातात पेपरांचा गठ्ठा. चाचा उंबऱ्याबाहेरच थांबले. येताना त्यांनी बरंच काही जुळवलं असावं, कारण सगळ्या वाटेत त्यांचे ओठ हलत होते. त्यातलं त्यांना एकच वाक्य आठवलं.

"साजी, तो लिफाफा तू उघडला होतास का?"

मॅडमनी मृणालीकडे पाहिलं नाही. चष्म्याकडे हातही नेला नाही.

"नाही चाचा."

"बरं," चाचा म्हणाले. "मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

मॅडमनी पेपर खाली ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. वर्गात कधीही न चढलेला त्यांचा आवाज समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. बायका गॅलरीत आल्या. पंचवीस वर्षांतली एकही संध्याकाळ त्यांनी सोडली नाही. दहावीचा निकाल लागला ती, नोकरी लागली ती, अब्बा गेले त्याच्या नंतरची. चाचा खाली बघत एकेक गुन्हा कबूल करत गेले. त्यातले दोन तर त्यांनी केलेच नव्हते. एक साजिदाच्या मोठ्या भावाचा होता आणि दुसरा नगरपालिकेचा. तेही त्यांनी कबूल केले.

शेवटी मॅडमचा श्वास संपला. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि दारातून बाजूला झाल्या.

"जेवलात?" त्यांनी विचारलं.

"हो," चाचा म्हणाले.

त्या सगळ्या दुपारी स्वतःच्या बाजूने ते एवढं एकच खोटं बोलले, आणि तेही लगेच पकडलं गेलं.